जुन्या मर्सिडीजचं तडकलेलं स्टेअरिंग: भरावं, ओतावं की बदलावं?

म्हापसेकर, २४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आजोबांची मर्सिडीज १८० डी गेली अकरा वर्षं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. गाडी पोर्तुगेज अमदानीत आलेली, नंबरप्लेट मात्र गोवा मुक्तीनंतरची, जीडी मालिकेतली. त्या काळी खाणवाल्यांच्या दारात जर्मन गाड्या असायच्या. आमचे आजोबा खाणवाले नव्हते, खाणवाल्याकडे कारकून होते. मालकाने नवी घेतली आणि ही जुनी आजोबांच्या गळ्यात पडली. सत्तरच्या दशकात काही वर्षं ती टॅक्सी म्हणूनही धावली.

इंजिन सुरू झालंय. १७६७ सीसी, घोडे म्हणाल तर चाळीस, आणि तेही दम खात पळणारे. ब्रेक झाले, वायरिंग झालं. घोडं अडलंय ते स्टेअरिंगवर.

चाकावर प्लास्टिकच्या दोरीचं विणलेलं कव्हर होतं. काल ते ब्लेडने कापलं. आत हस्तिदंती रंगाचं रिम निघालं आणि त्याला मोजून ९ तडे. आऱ्या जिथे रिमला मिळतात तिथले दोन इतके रुंद की रुपयाचं नाणं उभं शिरतं. फटीतून आतली लोखंडी सळी दिसते, तांबडीलाल. तीस-चाळीस वर्षांचा घाम त्या कव्हरखाली मुरलाय.

गॅरेजवाला म्हणतो, पुट्टी भरून रंग मारतो, दीड हजार द्या. मुलगा म्हणतो, थ्रीडी प्रिंट काढू. मी या दोघांच्याही आधी एक शहाणपणा केलाय: ऑनलाइन रेप्लिका मागवली. दिसायला झकास, पण मधल्या खाचा शाफ्टवर बसतच नाहीत. विकणारा परत घेत नाही. सध्या ते चाक हॉलच्या भिंतीवर आहे आणि बायको त्याला रोज "कितीला पडलं म्हणालात?" असं विचारते.

कुणी हे काम स्वतः केलंय का?

खरवस, २४ मे, रात्री १०:३१

भिंतीवरच्या चाकाला मधे घड्याळ बसवा, पैसे वसूल.

जुना गिअर, २४ मे, रात्री ११:०५

चाक गाडीवरून उतरवलंय का? नसेल तर आज झोपा आणि हे वाचून मगच उद्या पाना हातात घ्या.

आधी बॅटरीची वायर काढा. पुढची चाकं सरळ करा. मधला नट दिसला की शाफ्टवर आणि हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, एकाच रेषेत रंगाची खूण करा. एक खाच जरी इकडची तिकडे बसली तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन आटे राहू द्या. नाहीतर चाक सुटतं तेव्हा थेट तोंडावर येतं. माझा पुढचा दात त्याच्यापायी गेलाय. मग पुलर लावा, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार. पुलर नसेल तर कुणाकडून मागून आणा, पण शाफ्टवर हातोडा घालू नका. वर मारलेला घाव खाली बेअरिंगला आणि स्टेअरिंग बॉक्सला बसतो.

आणखी एक, या गाड्यांपुरतं. तुमच्या चाकातली ती क्रोमची गोल कडी नुसती हॉर्नची नाही. दाबली की हॉर्न, आणि डावी-उजवीकडे फिरवली की इंडिकेटर. त्यामुळे खाली स्विच आहे आणि वायरी जास्त आहेत. स्विच उघडायची वेळ आली तर प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहा. मी हे प्रत्येकाला सांगतो, प्रत्येकजण मान हलवतो आणि कोणीही लिहीत नाही.

नियमावली, २५ मे, सकाळी ७:४०

शीर्षकात "जुन्या" लिहिलंत ते बरं केलंत. जाणकारांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. १९५० च्या दशकातल्या गाडीला क्लासिक म्हणतात.

सरकारचा हिशेब वेगळा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्याला न वापरली जाणारी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीत नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. स्टेअरिंगच्या चाकाचं त्यात नाव नाही, तेव्हा भरा, ओता, काहीही करा. मात्र नोंद झाल्यावर गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर काढता येते. रोज म्हापशाच्या बाजारात न्यायची असेल तर त्या फंदात पडू नका. आणि टॅक्सीची जुनी नोंद कागदावर अजून तशीच आहे का, ते आधी बघा.

म्हापसेकर, २५ मे, सकाळी ९:१५

१९८४ साली खासगीत बदलून घेतलेली आहे, कागद आहेत. आणि डिझेल भरायला नेता येत असेल तर पंप बाजाराच्या पलीकडेच आहे.

प्रयोगवही, २५ मे, दुपारी २:२२

पुट्टी, अराल्डाइट वगैरे नंतर. तुमचं चाक कशाचं आहे? तेच ठाऊक नसताना औषध कसं द्यायचं?

मी पस्तीस वर्षं मडगावात रसायनशास्त्र शिकवलं. गाड्यांतलं कळत नाही, पण जुनी प्लास्टिकं कळतात. हबच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, बारीक कानस दहा-बारा वेळा जोरात घासा आणि लगेच नाक लावा.

गंधकाचा वास आला तर ते कडक रबर, म्हणजे एबोनाइट. काळं असतं आणि उन्हाने हिरवट-तपकिरी पडतं. कार्बोलिक साबणासारखा वास म्हणजे बेकेलाइट, बेकलंडने १९०७ मध्ये शोधलेलं. तेही बहुतेक काळं किंवा गडद, म्हणजे तुमचं नव्हे. कापराचा वास आला तर कानस खाली ठेवा. ते सेल्युलॉइड, आणि त्याचा भुसा काडी लागल्यासारखा पेटतो. शेजारी ग्राइंडर नको, बिडी नको. व्हिनेगरचा आंबूस वास म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट. आणि खवट लोण्यासारखा आला तर त्याचाच भाऊ, ब्युटिरेट. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ॲसिटेट स्वतःच कुजत जातं. आपल्याकडे दोन्हींना तोटा नाही.

हे नाकाचं प्रकरण कशासाठी? कारण गॅरेजमध्ये साफसफाई म्हणजे थिनर. सेल्युलोजच्या घराण्याला ॲसिटोन आणि थिनर विरघळवतात. चाक पुसायला गेलात तर बोटांचे ठसे कायमचे उमटतील. साबणाचं पाणी, मग मिनरल टर्पेंटाइन, एवढंच वापरा.

आता तडे का जातात ते बघा. लोखंड तापलं की दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ॲसिटेटसारखं प्लास्टिक ८० च्या पुढे. दोघं एकमेकांना घट्ट चिकटून बसलेली. त्यात प्लास्टिकमधला मऊपणा देणारा घटक वर्षानुवर्षं उडून जातो आणि ते आक्रसतं. सळी काही आक्रसत नाही. मग फाटणार कोण? आणि फाटतं ते आऱ्यांपाशीच, कारण तिथे त्याला सरकायला जागा नसते.

खरवस, २५ मे, दुपारी २:४०

बाई, तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो.

म्हापसेकर, २६ मे, रात्री ८:५०

चाक उतरलं. नाक लावलं. व्हिनेगर म्हणावं असा पुसट वास, कापूर नक्की नाही. मागच्या बाजूला कापसाने ॲसिटोनचा एक थेंब लावला तर जागा चिकट झाली. म्हणजे सेल्युलोजच्याच घरातलं दिसतं. प्रयोगवही बाई, थिनरचा डबा झाकण लावून वरच्या फळीवर ठेवला आहे.

जुना गिअर, २६ मे, रात्री ९:३०

आता भरण्याचं सांगतो.

गॅरेजची पुट्टी पॉलिस्टरची असते. पत्र्यावर पातळ हात फिरवायला ठीक, तड्यात नाही. ती ठिसूळ होते आणि दोन उन्हाळ्यांत कडेने रेघ दिसते. इपॉक्सीच हवं. साधं, सावकाश धरणारं अराल्डाइट घ्या, पाच मिनिटांत सुकणारं नको.

आधी तडा मोठा करा. हे ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण वरच्या वर भरलेला तडा परत उघडतो. त्रिकोणी कानसीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडत थेट सळीपर्यंत जा. वरचं तोंड पाच-सहा मिलिमीटर होऊ दे. सळीवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, गंज मारायचं फॉस्फॉरिक ॲसिडवालं औषध लावा, धुवा, पूर्ण वाळवा. सळी ओली राहिली तर आतून गंज फुगतो आणि नवं भरलेलं उचकटून टाकतो.

याच वेळी सळी नीट बघा. गंजाने बारीक झाली असेल, किंवा हबपाशी आरीच्या वेल्डिंगला केसाएवढी जरी चीर असेल, तर भरण्याचा विषय संपला. प्लास्टिक ही नुसती कातडी. गाडी वळवते ती सळी. त्या जागी अराल्डाइट लावून घाटात जाऊ नका.

बोटीचा मेस्त, २७ मे, सकाळी ६:५५

आमची बेतीला फायबरच्या होड्यांची शेड आहे. अराल्डाइट उभ्या जागी भरलं की ओघळतं. त्यात थोडं एरोसिल, म्हणजे सिलिकाची अगदी बारीक पूड, मिसळा, लोण्यासारखं घट्ट होतं आणि जिथे लावाल तिथे राहतं. भरताना थोडं फुगवून भरा, घासायला माल राहिला पाहिजे.

चाकाच्या पाठीला बोटांच्या खाचा असतील तर हाताने कोरायला जाऊ नका. चांगल्या भागावर मेण लावा, त्यावर एम-सील दाबा, सुकलं की काढा. झाला साचा. तडा भरल्यावर ओल्या मालावर तोच साचा मेण लावून दाबा.

आता ओतण्याचं. चांगलं चाक मिळालं तर त्याचा सिलिकॉनचा दोन भागांचा साचा काढून तुमची सळी आत ठेवून पॉलियुरेथेन ओतता येतं. चतुर्थीच्या चित्रशाळेत मूर्तीचे साचे काढणाऱ्याला हे काम नवीन नाही. पण पावसात विसरा. ते रेझिन हवेतलं पाणी पितं आणि फेसाळतं. आत वायूचे बुडबुडे, बाहेरून इडली. मी एकदा जुलैत केलं होतं, तो माल अजून शेडच्या दाराला अडसर म्हणून वापरतो.

कुंकळ्ळीकर, २७ मे, सकाळी ११:१०

लाकडी रिमचा विचार केलात का? आमच्याकडचे चितारी लेथवर लाकूड फिरवून त्यावर लाख चढवतात, पाट-पाळणे बघितलेच असतील. सागाच्या पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवल्या तर रिम देखणं होईल.

जुना गिअर, २७ मे, सकाळी ११:४८

देखणं होईल, पण त्या गाडीचं होणार नाही. ज्या गाड्यांना मुळात लाकडी रिम होतं त्यांचं वेगळं. शिवाय लाख उन्हात मऊ पडते आणि स्पिरिटने विरघळते. सॅनिटायझर लावलेल्या हाताने गाडी चालवलीत तर पॉलिश तळव्याला येईल.

कुंकळ्ळीकर, २७ मे, दुपारी १२:०२

हे पटलं. सॅनिटायझरचं डोक्यात आलं नव्हतं.

प्रयोगवही, २७ मे, दुपारी १:१५

आणि मुलाच्या थ्रीडी प्रिंटचं राहिलंच. प्रिंटरमधला नेहमीचा पीएलए प्लास्टिकचा धागा ६० अंशांच्या आसपास मऊ होतो. एप्रिलमध्ये काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहज तिथवर जातो. साच्याचा नमुना म्हणून छापा, हातात धरायला नको.

म्हापसेकर, १९ जुलै, रात्री ९:४४

सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

सळी चांगली निघाली, वेल्डिंग शाबूत. जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊच्या नऊ तडे खोदले. तोवर पाऊस कोसळायला लागला. थांबायला हवं होतं, पण हात शिवशिवत होते. अराल्डाइट भरलं, पडवीतच ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर तेलकट, पांढरट साय. वाटलं, सुकेल. तिसऱ्या दिवशी पॉलिशपेपर मारला तर कागद गच्च भरला आणि ती साय सगळीकडे पसरली. तरी वर प्रायमर मारला. आज तो नखाने पापुद्र्यासारखा निघाला.

बायको आता दोन्ही चाकांच्या किमती एकत्र विचारते.

प्रयोगवही, १९ जुलै, रात्री १०:२०

घाबरू नका, माल वाया गेलेला नाही. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून ही साय धरतं. ती पाण्यात विरघळते. घासण्याआधी कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवायची, मग वाळवून घासायची. तुम्ही उलटं केलंत. प्रायमर खरवडून काढा, धुवा, मग नखाने दाबून बघा. आतलं कडक असेल तर भरलेलं तसंच ठेवा.

बोटीचा मेस्त, २० जुलै, सकाळी ७:०५

जुनं लाकडी कपाट असेल तर त्यात साठ-शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावा, दार किलकिलं ठेवा. आमच्याकडे पावसात पापड असेच वाळवतात. बल्ब चाकापासून हातभर लांब. जवळ ठेवलात तर तुमचं ते जुनं प्लास्टिक वाकेल. आणि रंगाला चतुर्थीपर्यंत हातच लावू नका. चतुर्थी कशाला, दिवाळीच बघा.

खरवस, २० जुलै, सकाळी ९:३०

कपाटात बल्ब आणि आत स्टेअरिंग. घरी पाहुणे आले तर काय सांगणार?

म्हापसेकर, २० जुलै, सकाळी ९:४१

अंडी उबवतोय.

म्हापसेकर, ९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतोय.

साय धुतली. सात तडे कडक निघाले. आऱ्यांजवळचे दोन मोठे परत खोदून कपाटात एरोसिल घालून भरले, प्रत्येक थराला पूर्ण एक दिवस दिला. मग ८० नंबरचा पेपर, १२०, २२०, शेवटी ४०० चा पाण्यातून. डोळ्यांना गुळगुळीत वाटतं ते खरं नसतं. दिवे बंद करून, डोळे मिटून चाक दोन्ही हातांनी फिरवलं की अंगठ्याखाली कुठे उंचवटा आहे ते कळतं. असे चार उंचवटे अंगठ्याने शोधले. पाचवा बायकोने शोधला आणि तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली.

रंगाची छटा जुळवायला मधल्या क्रोमच्या झाकणाखालची जागा कामी आली. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. वरचं रिम चहाच्या डागासारखं पिवळं आणि झाकणाखाली साईसारखं. रंगवाल्याने पांढऱ्यात पिवळा ऑक्साइड थेंबाथेंबाने घातला आणि शेवटी काळ्याचा एक थेंब. काळा का, विचारलं तर म्हणाला, नाहीतर फ्रिज दिसेल.

इपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के पीयूचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाचे, तीन हात. नोव्हेंबरमधली कोरडी सकाळ, दहाच्या आत सगळं उरकलं.

जुना गिअर, ९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

झकास. मास्क लावला होता ना? टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फडकं बांधून भागत नाही, डबीवाला मास्क लागतो. आमचा एक जुना पेंटर त्याच्यामुळे दम्याला कायमचा धरला गेला. रंग हाताला कडक लागला तरी आठवडाभर कव्हर घालू नका. खरं तर कव्हर कधीच घालू नका.

म्हापसेकर, ९ नोव्हेंबर, रात्री ८:५२

मास्क रंगवाल्याने लावला होता, मला शेडच्या बाहेर हाकललं होतं. कव्हर तर आता बघवतही नाही.

म्हापसेकर, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

चाक बसलं. खुणेवर खूण, सरळ रस्त्यावर सरळ. हॉर्न वाजतो. काल नुवेपर्यंत जाऊन आलो, तिथलं जुन्या गाड्यांचं संग्रहालय मुलाला दाखवायचं होतं. तो तिथे प्रत्येक गाडीच्या काचेला नाक लावून स्टेअरिंगवरचे तडे मोजत होता.

एक अडचण आहे. परतीच्या वाटेवर पर्वरीला उजवीकडे वळायचं म्हणून कडी उजवीकडे फिरवली. मागचा स्कूटरवाला हॉर्न मारत, हातवारे करत उजवीकडूनच पुढे गेला आणि कोकणीत माझ्या तीन पिढ्या आठवून गेला. घरी येऊन मुलाला मागे उभं केलं. कडी उजवीकडे फिरवली की डावा दिवा लागतो, डावीकडे फिरवली की उजवा.

साफ करायला स्विच उघडला होता.

जुना गिअर, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३४

वायरींवर नावं लिहिली होती का?

म्हापसेकर, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

पुलर अजून तुमच्याकडेच आहे ना? उद्या सकाळी फोंड्याला येतो.